पावती नसलेले नुकसान

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ ही दोन जहाजे एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडले, डेकवरचे कंटेनर समुद्रात पडू लागले आणि टाक्यांमधले इंधन वाहू लागले. सुमारे ८०० टन तेल सांडल्याचा अंदाज होता. जहाजावरच्या १,२१९ कंटेनरपैकी ३१ कंटेनरमध्ये घातक माल होता, त्यात कीटकनाशकेही होती. मुंबई आणि न्हावाशेवा ही दोन्ही बंदरे काही दिवस बंद ठेवावी लागली. उरण, अलिबाग, घारापुरीच्या बाजूला कांदळवनाच्या मुळांवर काळा थर बसला. नारळी पौर्णिमा अडीच आठवड्यांवर आली होती. पावसाळाभर होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, जाळी विणून तयार, कर्ज उचललेले, आणि नेमके त्याच वेळी शहरातल्या माणसांनी मासळी घेणे थांबवले.

वर्षभराने, ४ ऑगस्ट २०११ रोजी, मुंबईपासून जवळपास २० सागरी मैलांवर ‘रॅक कॅरियर’ नावाचे जुने मालवाहू जहाज बुडाले. इंडोनेशियातून गुजरातच्या दहेज बंदराकडे ६० हजार टन कोळसा घेऊन ते निघाले होते. पोटात सुमारे २९० टन इंधन तेल आणि ५० टन डिझेल. पुन्हा तोच हंगाम आणि तोच किनारा.

या दोन घटनांचे पुढे काय झाले, असे आज विचारले तर बंदर खात्यातला माणूस ढिगारा कधी हलवला ते सांगेल, वकील दाव्यांची स्थिती सांगेल. पण ससून डॉकवर टोपली घेऊन बसणाऱ्या कोळणीला त्या ऑगस्टमध्ये किती रुपयांचे नुकसान झाले आणि त्यातले किती तिच्या हातात परत आले, याचे उत्तर देणारे एकही दफ्तर आपल्याकडे नाही. माझा आक्षेप इथूनच सुरू होतो. सागरी प्रदूषणाच्या दायित्वाचा कायदा आपल्याकडे नाही असे नव्हे. तो आहे, बऱ्यापैकी विस्तृत आहे. पण ज्या नुकसानीची पावती फाडता येते तेवढेच नुकसान त्याला दिसते. तेल उपसणाऱ्या कंत्राटदाराचे बिल त्याला दिसते, टगबोटीचे भाडे दिसते. समुद्राचे स्वतःचे नुकसान आणि रोखीने जगणाऱ्या माणसांचे नुकसान मात्र त्याच्या नजरेत येत नाही. त्यात भर म्हणून, जे नुकसान दिसते त्यावरही त्याने कमाल रकमेची मर्यादा घातली आहे. त्या मर्यादेच्या वरचा खर्च कुठे जातो? तो किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या अंगावर पडतो, आणि कुठल्याही विमा कंपनीने किंवा सरकारने त्यांना याची कल्पना दिलेली नसते.

ही मर्यादा आली कुठून, ते आधी पाहू. जहाजमालकाची जबाबदारी जहाजाच्या किमतीपुरती, ही कल्पना शतकानुशतके जुनी आहे. शिडाच्या जहाजांच्या काळात ती समजण्यासारखी होती. जहाज एकदा बंदर सोडून गेले की मालकाचा त्याच्यावर काही ताबा उरत नसे, वादळात सापडले तर मालकाचे सर्वस्व जात असे. व्यापार चालावा म्हणून त्याच्या डोक्यावर आणखी बोजा नको, असा हिशेब होता. पण मार्च १९६७ मध्ये ‘टोरी कॅन्यन’ हे टँकर इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ खडकावर चढले आणि सव्वा लाख टनांच्या आसपास कच्चे तेल समुद्रात गेले. तेव्हा हा जुना हिशेब किती हास्यास्पद झाला आहे ते जगाला कळले. मालक कंपनीने अमेरिकेतल्या न्यायालयात जाऊन आपली जबाबदारी ५० डॉलरपुरती मर्यादित करा, असा अर्ज केला. कारण जहाजातून एक जीवरक्षक होडी तेवढी वाचली होती आणि तिची किंमत ५० डॉलर होती. इंग्लंड आणि फ्रान्सचे किनारे काळे झाले आणि कायद्याच्या पुस्तकात त्याची किंमत एका होडीएवढी.

त्या संतापातून १९६९ चा तेल प्रदूषण दायित्व करार आला. १९७१ मध्ये त्याला जोडून भरपाई निधी आला आणि १९९२ मध्ये दोन्ही सुधारले गेले. त्यातला सौदा असा होता: मालकाची चूक सिद्ध करायची गरज नाही, तेल सांडले की जबाबदारी आली. विमा सक्तीचा, आणि दावा थेट विमा कंपनीवर लावता येईल. या बदल्यात रकमेला कमाल मर्यादा. ती रक्कम अपुरी पडली तर तेल आयात करणाऱ्या कंपन्यांच्या वर्गणीतून उभा राहिलेला निधी पुढे येईल. भारत या दोन्ही करारांत आहे. सौदा म्हणून हे वाईट नाही, आणि मर्यादेला सरसकट विरोध करणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावे. चूक सिद्ध करत वर्षानुवर्षे न्यायालयात बसण्यापेक्षा लवकर हातात पडणारे पैसे मच्छीमाराला जास्त उपयोगी असतात. अमर्याद जबाबदारीचा विमाच कोणी उतरवणार नाही, आणि विमा नसलेल्या, एकच जहाज मालकीचे असलेल्या कंपनीकडून दमडीही वसूल होणार नाही, हा आक्षेपही खरा आहे.

पण निधीचा हा दुसरा थर फक्त टँकरसाठी आहे. चित्रा टँकर नव्हते. रॅक कॅरियर टँकर नव्हते. २०२५ मध्ये केरळजवळ बुडालेले ‘एमएससी एल्सा ३’ टँकर नव्हते. कंटेनर जहाजाच्या किंवा कोळशाच्या जहाजाच्या इंजिनासाठी साठवलेले इंधन सांडले की लागू होतो तो २००१ चा बंकर तेल करार. त्यात सक्तीचा विमा आहे, चुकीविना जबाबदारीही आहे. मात्र मागे निधी नाही, आणि मर्यादा सर्वसाधारण सागरी दाव्यांच्या १९७६ च्या करारातून आणि त्याच्या १९९६ च्या दुरुस्तीतून उसनी घेतलेली. कंटेनरमधल्या रसायनांसाठी १९९६ साली एक वेगळा करार लिहिला गेला, २०१० मध्ये तो दुरुस्त झाला, आणि तो अजूनही प्रत्यक्षात यायचा आहे. तीस वर्षे होत आली. या काळात कंटेनर जहाजांचा आकार कितीतरी पटींनी वाढला.

ही मर्यादा किती असते ते आकड्यांत पाहू, कारण आकडा पाहिल्याशिवाय तिचे स्वरूप लक्षात येत नाही. हिशेब आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एसडीआर या एककात होतो. सध्याच्या दरांनुसार दोन हजार टनांपर्यंतच्या जहाजाला १५.१ लाख एसडीआर, आणि त्यापुढे तीस हजार टनांपर्यंत दर टनाला ६०४ एसडीआर. म्हणजे तीस हजार टनी जहाजाची कमाल जबाबदारी साधारण १ कोटी ८४ लाख एसडीआर होते. रुपयांत दोनशे-सव्वादोनशे कोटी. जीवितहानी सोडून बाकी सगळे दावे या एका रकमेत बसवायचे: बंदराचे, मालवाल्यांचे, सरकारचे, मच्छीमारांचे. आणि ही मर्यादा मोडायची तर मालकाने स्वतः, जाणूनबुजून किंवा असे नुकसान होणार हे माहीत असताना बेफिकिरीने कृती केली, हे सिद्ध करावे लागते. कप्तानाची चूक, खलाशांची चूक, व्यवस्थापन कंपनीच्या एखाद्या निरीक्षकाची चूक यांतले काहीही त्यासाठी पुरत नाही. समुद्रापासून हजारो मैलांवर बसलेल्या मालकाच्या मनात काय होते ते दाखवा, असे कायदा म्हणतो. ते दाखवणे जवळपास अशक्य आहे, आणि ही कसोटी लिहिणाऱ्यांना ती तशीच हवी होती.

आता एल्सा ३ पाहा. मे २०२५ मध्ये विळिंजमहून कोचीकडे जाताना हे लायबेरियाच्या झेंड्याखालचे जहाज बुडाले. ६४० कंटेनर, त्यातल्या १३ मध्ये घातक माल, १२ मध्ये पाण्याशी गाठ पडताच ज्वालाग्राही वायू सोडणारे कॅल्शियम कार्बाइड. टाक्यांत सुमारे ३६७ टन फर्नेस तेल आणि ८४ टन डिझेल. सगळे खलाशी वाचले. काही दिवसांत केरळच्या किनाऱ्यावर प्लास्टिकचे बारीक पांढरे दाणे येऊन पडू लागले. केरळ सरकारने उच्च न्यायालयात अॅडमिरल्टी, म्हणजे सागरी दाव्यांच्या, कायद्याखाली ९,५३१ कोटी रुपयांचा दावा लावला, आणि त्याच समूहाचे दुसरे जहाज विळिंजम बंदरात अडकवून ठेवण्याचा आदेश मिळवला. मला या दाव्याची फोड महत्त्वाची वाटते. ९,५३१ कोटींतले ८,६२६ कोटी पर्यावरणाच्या हानीपोटी, सुमारे ३७८ कोटी उपाययोजनांपोटी आणि सुमारे ५२६ कोटी मच्छीमारांच्या नुकसानीपोटी मागितले आहेत. म्हणजे दाव्याचा नऊ-दशांश भाग समुद्राच्या स्वतःच्या नुकसानीचा आहे. पुढे न्यायालयाने ते जहाज सोडण्यासाठी ठेवायच्या तारणाची रक्कम १,२२७ कोटींवर आणली. अंतिम निकाल काहीही लागो, एका भारतीय राज्याने समुद्राच्या नुकसानीची एवढी मोठी किंमत कागदावर लिहून न्यायालयात मांडली, हे मी मोलाचे मानतो. चित्राच्या वेळी आपण महाराष्ट्रात हे केले नाही.

जहाज कंपनीने यावर घेतलेला एक आक्षेपही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जहाज किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पलीकडे बुडाले, तिथे राज्याचा अधिकार नाही, दावा लावायचा तर केंद्राने लावावा, असे तिचे म्हणणे होते. राज्यघटनेच्या आणि १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याच्या चौकटीत या म्हणण्याला आधार शोधता येतो. पण तेल आणि प्लास्टिकचे दाणे बारा मैलांची रेषा पाहून थांबत नाहीत. जहाज कुठे बुडाले यापेक्षा नुकसान कुठे झाले हा प्रश्न महत्त्वाचा आहे. रॅक कॅरियरच्या खटल्यात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणासमोरही अधिकारक्षेत्राचा मुद्दा आला होता आणि न्यायाधिकरणाने तो फेटाळला. केरळचा वाद संपायची वाट न पाहता केंद्राने कायद्यात एक ओळ घालून हे स्पष्ट करायला हवे: ज्या राज्याच्या किनाऱ्याला हानी पोहोचली त्या राज्याला दावा लावण्याचा अधिकार आहे. त्याला खर्च येत नाही.

रॅक कॅरियरचा निकाल आपल्याकडचा सर्वांत लक्षणीय निकाल, म्हणून त्यावर थोडे थांबतो. २३ ऑगस्ट २०१६ रोजी न्यायाधिकरणाने जहाजाशी संबंधित डेल्टा समूहातील कंपन्यांना १०० कोटी रुपये पर्यावरणीय भरपाई भरायला सांगितली. ज्यांचा कोळसा होता त्या अदानी एंटरप्रायझेसला ५ कोटी. न्यायाधिकरणाने दोन गोष्टी ठामपणे म्हटल्या, आणि दोन्ही योग्य होत्या. एक, जहाज समुद्रात नेण्याच्या लायकीचे नव्हते. दुसरी, तळाशी पडलेला ६० हजार टन कोळसा हेदेखील प्रदूषणच आहे. माल बुडाला म्हणजे विषय संपला असे मालवाल्याला म्हणता येणार नाही, हे आपल्याकडच्या न्यायपीठाने इतक्या स्पष्टपणे क्वचितच म्हटले असेल. हरित न्यायाधिकरणाच्या कायद्यातच चुकीविना दायित्व आणि ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ ही तत्त्वे लिहिलेली आहेत, त्यामुळे त्याला जुन्या मर्यादेच्या पिंजऱ्यातून बाहेर येता आले.

पण मग १०० कोटी हा आकडा आला कुठून? तो मोजून काढलेला नव्हता. अंदाजाने ठरवलेला होता, आणि तसा ठरवण्यावाचून न्यायाधिकरणाकडे मार्गही नव्हता. त्या भागात बुडण्याआधी तळाशी काय जगत होते, मासळीची अंडी कुठे पडत होती, गाळात किती हायड्रोकार्बन होते, याची नीट नोंदच नव्हती. निकाल अपघातानंतर पाच वर्षांनी आला. आणि रक्कम भरायची ती केंद्राच्या जहाज मंत्रालयाकडे. मुंबई-रायगडच्या कोळीवाड्यांशी तिचा थेट संबंध कुठेच जोडलेला नाही. समुद्राच्या नावाने मिळालेला पैसा समुद्रापर्यंत पोहोचवायची वाट निकालात आखलेली नसेल, तर तो सरकारी तिजोरीत जमा होणारा एक दंड राहतो.

मोजमापाच्या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय व्यवस्थेची भूमिका मला सर्वांत जास्त खटकते. १९७९ मध्ये ‘अँटोनियो ग्राम्सी’ हे टँकर बाल्टिक समुद्रात तळाला लागले. सोव्हिएत संघाने प्रदूषित पाण्याच्या दर घनमीटरमागे दोन रूबल असा सूत्राने हिशेब करून पर्यावरणाची भरपाई मागितली. ते सूत्र ढोबळ होते यात शंका नाही. पण निधीच्या सभासद राष्ट्रांनी त्यावर १९८० मध्ये ठरावच केला, की सैद्धांतिक प्रतिमानांच्या आधारे केलेली अमूर्त मोजणी यापुढे मान्य होणार नाही. १९९२ च्या करारात तीच भूमिका व्याख्येत उतरली: पर्यावरणाच्या हानीबद्दल मिळेल तो फक्त प्रत्यक्ष केलेल्या किंवा करावयाच्या पुनर्स्थापनेचा वाजवी खर्च. याचा सरळ अर्थ असा, की शंभर कासवे मेली आणि त्यांना परत आणण्याचा कुठलाही ‘वाजवी’ उपाय नसेल, तर त्या शंभर कासवांची किंमत शून्य. जितके नुकसान कायमचे, तितकी भरपाई कमी. हे मला न्यायाच्या दृष्टीने उलटे वाटते. जो मनुष्य दुरुस्त होण्याजोगे नुकसान करतो त्याने भरायचे आणि जो कायमचे नुकसान करतो त्याने सुटायचे.

ही भूमिका अपरिहार्य नाही. फ्रान्सने ती सोडली. डिसेंबर १९९९ मध्ये माल्टाच्या झेंड्याखालचे ‘एरिका’ ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळ दोन तुकडे होऊन बुडाले आणि सुमारे २० हजार टन जड तेल पसरले. २५ सप्टेंबर २०१२ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने निसर्गाला स्वतःला झालेली हानी ही स्वतंत्रपणे भरपाईयोग्य हानी मानली, आणि जहाज भाड्याने घेणाऱ्या टोटाल कंपनीलाही जबाबदार धरले. २०१६ मध्ये हे तत्त्व त्या देशाच्या नागरी संहितेत लिहिले गेले. अमेरिकेने तर १९९० च्या आपल्या तेल प्रदूषण कायद्यात सरकारला निसर्गसंपत्तीचा विश्वस्त मानून नुकसान मोजण्याची पद्धतच घालून दिली. २०१० च्या डीपवॉटर होरायझन या समुद्रातल्या तेलविहिरीच्या दुर्घटनेनंतर बीपी कंपनीशी झालेल्या २०.८ अब्ज डॉलरच्या तडजोडीत ८.८ अब्ज डॉलरपर्यंतची रक्कम केवळ निसर्गाच्या हानीपोटी होती. अमेरिका आंतरराष्ट्रीय करारात नाही, म्हणून तिला हे जमले, असे म्हणता येईल. पण फ्रान्स करारात होता.

आणि हे फक्त श्रीमंत देशांनाच जमते असेही नाही. मे २०२१ मध्ये ‘एक्स-प्रेस पर्ल’ कोलंबोजवळ पेटले. त्यावर नायट्रिक आम्लाचा गळका कंटेनर होता. कोलंबोला येण्यापूर्वी ते जहाज कतारच्या हमद आणि आपल्या हजिरा बंदरात गेले होते, आणि दोन्हीकडे तो कंटेनर उतरवून घेतला गेला नाही. १,६८० टनांच्या आसपास प्लास्टिकचे दाणे श्रीलंकेच्या किनाऱ्यावर पसरले. लंडनच्या न्यायालयाने २०२३ मध्ये मालकांची जबाबदारी सुमारे १.९ कोटी पौंडांपुरती मर्यादित केली. २४ जुलै २०२५ रोजी श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या देशात एक अब्ज डॉलरची भरपाई ठोठावली. दोन आकड्यांत जवळपास चाळीस पटींचा फरक. ती रक्कम वसूल होईलच असे नाही. परंतु कर्जाच्या खाईत गेलेल्या एका छोट्या देशाच्या न्यायालयाने नुकसान झाले तेवढे लिहिले, मर्यादेत बसेल तेवढे लिहिले नाही.

भारताकडे तर यासाठी जमिनीवरचा कायदा आधीच आहे. दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीनंतर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगांची जबाबदारी निरपवाद ठरवली, आणि भरपाई उद्योगाच्या आर्थिक कुवतीशी जोडली. उद्योग जितका मोठा, तितकी भरपाई मोठी. १९९६ मध्ये ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ हे देशाच्या कायद्याचा भाग ठरले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नद्या, किनारे, जंगले सरकारकडे जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून आहेत, हेही. म्हणजे तळोजाच्या कारखान्यातून तेच रसायन खाडीत गेले तर जबाबदारी कुवतीएवढी, आणि पनामाच्या झेंड्याखालच्या जहाजातून गेले तर टनाच्या हिशेबाने ठरलेली. बोंबलाला आणि जवळ्याला या फरकाशी काय देणेघेणे?

आता मच्छीमारांच्या दाव्याकडे येतो, कारण प्रत्यक्षात सगळे इथेच अडते. आंतरराष्ट्रीय निधीच्या नियमांत मासेमारी बुडाल्याची भरपाई बसते, हे मान्य. पण दाखवायचे काय? मागच्या काही वर्षांचे उत्पन्न, विक्रीच्या नोंदी, डिझेलच्या पावत्या. मोठ्या ट्रॉलरमालकाकडे त्या असतात. डोल जाळ्यावर काम करणाऱ्या खलाशाकडे नसतात. खाडीत तिसऱ्या (शिंपले) आणि कालवे काढणाऱ्या बाईकडे नसतात. बोंबील वाळवून विकणाऱ्या बाईकडे नसतात. बाजारात बसणाऱ्या कोळणीच्या नावावर होडीचा परवाना नसतो, आणि आपल्याकडे आपत्तीतली बहुतेक मदत होडीच्या नोंदणीवरून वाटली जाते. त्यामुळे मासळीच्या धंद्यातला ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, त्या बायकांचे नुकसान कायद्याच्या दृष्टीने घडतच नाही. मला हा या साऱ्या व्यवस्थेतला सर्वांत मोठा अन्याय वाटतो, आणि तो दूर करण्यासाठी लंडनला जावे लागत नाही. मत्स्यव्यवसाय खात्याने आणि मच्छीमार सहकारी संस्थांनी बंदरनिहाय, व्यवसायनिहाय नोंद ठेवली तर पुरे: कोण वाळवते, कोण विकते, कोण जाळी दुरुस्त करते, हंगामात साधारण किती मिळते. अपघात झाल्यावर ही नोंद करायला गेले की प्रत्येक आकडा संशयास्पद ठरतो. अपघाताआधी केलेली नोंद पुरावा असते.

गोव्याच्या आणि सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर दर पावसाळ्यात येणाऱ्या तेलगोळ्यांचे तर आणखी अवघड. कुठल्या जहाजाने टाकी धुतली, कुठे तेल सोडले, कोणाला ठाऊक नसते. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तेलगोळ्यांची रासायनिक ओळख पटवण्याचे काम वर्षानुवर्षे करत आहे. ओळख पटूनही जबाबदार जहाज हाती लागत नाही तेव्हा दावा कोणावर लावणार? इथे दायित्वाच्या कायद्याचा काही उपयोग नाही. इथे फक्त निधी उपयोगाचा.

म्हणून मी मागतो आहे तो मुख्यतः निधी. बंकर तेल आणि कंटेनरमधला माल यांच्यासाठी टँकरसारखा दुसरा थर उभारायला आंतरराष्ट्रीय सहमती होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. भारतीय बंदरात येणाऱ्या प्रत्येक मालवाहू जहाजाकडून टनामागे किरकोळ आकार घेऊन राष्ट्रीय सागरी भरपाई निधी उभारता येईल. जमिनीवरच्या घातक रसायनांच्या अपघातांसाठी १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली असा मदतनिधी आहेच. अपघात झाला की या निधीतून मच्छीमारांना आधी पैसे द्यायचे, आणि मग सरकारने मालकाकडून, विमा कंपनीकडून, मालवाल्याकडून वसूल करायचे. वसुलीची जोखीम सरकारने घ्यायची, कारण लंडनच्या वकिलांशी दहा वर्षे भांडण्याची ताकद सरकारकडे आहे, करंज्याच्या कोळ्याकडे नाही.

यामुळे मालवाहतूक महाग होईल, असे बंदरवाले म्हणतील. थोडी होईल. हजारो टन माल वाहणाऱ्या जहाजावर टनामागे काही पैसे पडले तर त्याचा भार शेवटी कोट्यवधी ग्राहकांत विभागला जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. आज तोच खर्च काही हजार कुटुंबांवर एकवटून पडतो आहे. खर्च नव्याने निर्माण होत नाही. तो कोणी भरायचा एवढाच प्रश्न आहे.

२०२५ मध्ये १९५८ च्या जुन्या मर्चंट शिपिंग कायद्याच्या जागी नवा कायदा संसदेने संमत केला. त्याखालचे नियम करताना पर्यावरणाची हानी ही स्वतंत्र हानी म्हणून लिहिण्याची संधी सरकारकडे आहे. माझ्या मते मर्यादा मोडण्याची कसोटीही बदलायला हवी. समुद्रात नेण्याच्या लायकीचे नसलेले जहाज हाकले, असे सिद्ध झाले तर मालकाला मर्यादेचा आसरा मिळता कामा नये. त्यासाठी आंतरराष्ट्रीय करारात बदल लागेल, हे मला मान्य आहे. पण भारतासारख्या किनारपट्टीच्या देशाने तो बदल मागितलाच नाही, तर कोण मागणार? श्रीलंका, मॉरिशस आणि आपण अशा एकाच महासागरातल्या देशांनी एकत्र येऊन हा प्रस्ताव आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेपुढे मांडायला हवा. मॉरिशसने २०२० मध्ये ‘वाकाशियो’ या मालवाहू जहाजाच्या तेलात आपले प्रवाळ आणि कांदळवन माखलेले पाहिले आहे. तेही टँकर नव्हतेच.

आणि महाराष्ट्रासाठी हा प्रश्न आता थांबण्यासारखा नाही. पालघरमध्ये वाढवणला ७६ हजार कोटींचे बंदर होत आहे, ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. जगातली सर्वांत मोठी कंटेनर जहाजे तिथे लागतील असे सांगितले जाते. वाढवण, डहाणू, चिंचणी, सातपाटीच्या मच्छीमारांनी या बंदराला वर्षानुवर्षे विरोध केला. तो विरोध योग्य होता की नाही, हा वेगळा वाद, आणि माझे मत त्यांच्या बाजूचे आहे. पण बंदर होणारच असेल, तर पहिले जहाज लागण्यापूर्वी त्या किनाऱ्यावरच्या गाळाची, कांदळवनाची, घोळ-पापलेटच्या प्रजननक्षेत्रांची आणि प्रत्येक गावातल्या मासळीच्या धंद्याची संपूर्ण नोंद सरकारच्या खर्चाने झाली पाहिजे. ती स्वतंत्र संस्थेने केली पाहिजे, आणि दरवर्षी अद्ययावत केली पाहिजे. बंदराच्या महसुलातला ठरावीक वाटा भरपाई निधीत पहिल्या दिवसापासून जमा झाला पाहिजे, आणि त्या निधीच्या विश्वस्त मंडळावर मच्छीमार संस्थांचे आणि मासळी विकणाऱ्या बायकांचे प्रतिनिधी मतदानाच्या अधिकारासह बसले पाहिजेत. बंदराच्या कामाची कंत्राटे निघत आहेत. या नोंदीचे आणि निधीचे आदेशही त्यांच्याबरोबरच निघायला हवेत.